उतारा

मादाम सवादोगोंनी पर्समधून कापसाचे दोन पुंजके काढले आणि समोरच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. टेबल इस्त्रीचं होतं. जिनिव्हाच्या त्या परिषदेत मोठ्या देशांच्या गटांना बैठकीसाठी वरच्या मजल्यांवर खोल्या मिळाल्या होत्या. यांना मिळाली होती तळमजल्यावरची, पाहुण्यांचे कोट टांगायची खोली. जून महिना असल्यामुळे कोट कुणी आणत नव्हतं, म्हणून ती रिकामी. चार देशांची चार माणसं, पाचवी मी आणि भिंतीभर मोकळे हँगर, एवढेच तिथे होतो.

"नीट बघा," मादाम म्हणाल्या. "यातल्या एकात बी आहे, दुसऱ्यात नाही. उद्याचं आपलं सगळं एवढ्याशा फरकावर आहे."

हे त्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या. मी तेच इंग्रजीत, दार्बोंच्या कानाशी वाकून हलक्या आवाजात म्हटलं. माझं कामच ते होतं.

पश्चिम आफ्रिकेतले हे चार कापूसवाले गरीब देश. तिघं फ्रेंच बोलणारे, चौथे लामिन दार्बो इंग्रजी बोलणारे. दार्बोंना फ्रेंचचा गंध नव्हता, मादामना इंग्रजीचा. एकजूट करायचं त्यांनी ठरवलं होतं खरं, पण एकमेकांशी दोन शब्द बोलायचे तरी मध्ये चिपळूणची आठल्ये लागत होती. ज्यांनी त्यांच्यावर राज्य केलं ते जाताना ही गंमत मागे ठेवून गेले होते. दिवसा मी वर सभागृहात, काचेच्या बूथमध्ये बसून सगळ्यांचं फ्रेंच इंग्रजीत करायची आणि सुट्टी झाली की खाली येऊन या चौघांचं. मादामनी विनंती केली होती आणि मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, काळ्या फ्रेमचा चष्मा. ठ त्यांना जमत नसे, मला मादाम अताले म्हणायच्या.

दार्बो उंच, रुंद आणि संथ. कापसातलं त्यांना माझ्याइतकंच कळत होतं, म्हणजे काही नाही. मूळचे ते मत्स्यखात्यातले. त्यांच्या सरकारकडे बाहेर पाठवायला माणसंच इतकी थोडी की मासळीच्या माणसाला कापसाच्या पंगतीला बसवलं होतं. पण माणूस मनापासून ऐकायचा, शाळकरी वहीत सगळं उतरवून घ्यायचा. मी दिसले की म्हणायचे, "आला माझा आवाज." जेवणाच्या वेळी विचारायचे, "माझा आवाज जेवला का?" मला त्याचं हसू यायचं.

परिषद कशाची होती ते सांगते. भाव पडला की कापूस उचलून धरायचा आणि चढला की सोडायचा, यासाठी एक जागतिक निधी उभा राहत होता. कुठल्या हंगामात कुणाचा माल किती उचलायचा, हे दहा जण ठरवणार होते. दहा खुर्च्या, मताच्या अधिकारासकट. ज्या देशाकडे किंवा गटाकडे जगातल्या कापसाचा दहावा हिस्सा, त्याला एक खुर्ची. आपल्या देशाच्या वाट्याला दोन येत होत्या, त्यातली दुसरी अगदी काठावर होती. कुणी नवा गट आत आला तर तीच जाणार होती.

सचिवालयाच्या तक्त्यात या चौघांचा हिस्सा नऊ टक्के दिसत होता. खुर्ची नाही. पण तो तक्ता बियांसकट कापसाचं वजन धरून केलेला होता. मादाम म्हणाल्या की बी काढून टाका आणि आतला निव्वळ धागा मोजा, मग आपण साडेदहा टक्के होतो. कारण आमच्या शंभर किलोतून बेचाळीस किलो धागा निघतो आणि इतरांच्या शंभरातून चौतीस-पस्तीस. यंदाचा, आमच्याच कारखान्यांतून मी स्वतः जमवलेला आकडा आहे, असं त्या म्हणाल्या. अजून कुठे छापलेला नाही.

मसुद्यात नुसतं 'कापूस' एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, नियमांचं शेवटचं वाचन होतं. मादामचा बेत असा की ते कलम आलं की हात वर करायचा आणि लिहिण्यातली दुरुस्ती सुचवावी तितक्या सहज एक शब्द घालायला सांगायचा. बाजारात भाव धाग्याचाच निघतो, त्यामुळे कुणाला वावगं वाटणार नाही. कुणी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करायच्या आत अध्यक्षांचा हातोडा पडला पाहिजे.

"अकरा वर्षं मी अशा सभागृहांत मागच्या रांगेत बसते आहे," त्या म्हणाल्या. "आमचं ऐकून घेतात. फार छान बोललात म्हणतात. मग पुढच्या रांगेतले ठरवतात. मला आता बोलायचं नाही. मला मत द्यायचं आहे."

मग चौघांकडे आळीपाळीने बघून त्या म्हणाल्या, "बेचाळीस हा आकडा या खोलीतून बाहेर जाता कामा नये."

तेही वाक्य मी दार्बोंच्या कानात घातलं आणि मोकळी झाले. ते मलाही सांगितलेलं आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तोवर बावीस वर्षं हा धंदा केलेला, माणसाचं असं होतं. वाक्य कानातून आत येतं, तोंडातून बाहेर जातं, मध्ये आपलं असं काही राहत नाही. आम्हाला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या की दुभाष्याने आपला 'मी' घरी ठेवून यायचा. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. तो म्हणाला मी चोर आहे, तर आपणही ठणकावून म्हणायचं, मी चोर आहे. वर्गात तेव्हा सगळ्या हसल्या होत्या.

निघताना मादामनी मला थांबवलं. उद्या शब्द त्या फ्रेंचमध्ये म्हणतील, पण पुढची रांग तो ऐकेल माझ्या तोंडून. बियांसकटचा आणि बियांशिवायचा, दोन्हींचं इंग्रजी मला पक्कं ठाऊक आहे ना? दार्बोंच्या कानात मी तर 'बी असलेला', 'बी नसलेला' असं काहीतरी गावठी करून वेळ मारून नेली होती.

मी म्हटलं, हो तर. ते खोटं होतं. परिषदेने दिलेल्या शब्दांच्या यादीत 'कापूस' एवढंच होतं आणि आमच्या कोकणात कापूस म्हणजे वाती वळायचा, याच्यापुढे माझी गाडी जात नव्हती.

तळमजल्यावर ग्रंथालय होतं. तिथे चार भाषांचे व्यापारी शब्दकोश होते. दहा मिनिटांचं काम. हे मी गेली वीस वर्षं स्वतःला सांगते आहे. पण त्या दुपारी बाहेर बागेत बाकावर बोंडेसाहेब डबा उघडून माझी वाट बघत होते.

दिनकर बोंडे आपल्या शिष्टमंडळातले दोन नंबरचे अधिकारी. पुढच्या रांगेतले. सोमवारी सकाळी त्यांनी कानाला यंत्र लावून माझं इंग्रजी ऐकलं आणि अर्ध्या तासात ओळखलं की बाई मराठी आहे. सुट्टीत बूथच्या दाराशी येऊन सरळ मराठीतच विचारलं, "पुण्याच्या का जी तुम्ही?" मूळचे अकोटचे. खुशीत आले की 'मला'चं 'मले' व्हायचं. बायकोने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी दिल्लीहून आणली होती आणि तीन दिवस ते ती माझ्याबरोबर वाटून खात होते. परक्या मुलखात वर्षाचे आठ महिने काढणाऱ्या बाईला मराठी बोलणारं माणूस आणि डब्यातली चटणी यांची किती भूक असते, ते ज्याला माहीत त्याला माहीत.

दशमीचा पहिला तुकडा मोडतानाच मी विचारलं. "बोंडेसाहेब, तुम्ही कापसाच्या मुलखातले. बी असलेला कापूस आणि बी काढलेला, याला इंग्रजीत वेगवेगळे शब्द असतात का हो?"

"इंग्रजीत असतात, अन् मराठीत नसतात का?" ते म्हणाले. "वेचून आणला तो कापूस. जिनिंगमध्ये गेला की सरकी वेगळी, रुई वेगळी."

"रुई म्हटलं की मला मारुतीला घालायची माळ आठवते."

ते पोट धरून हसले. मग खुलले आणि फार सुंदर बोलले. आडनावच बोंडे, म्हणजे कापसाच्या बोंडातच जन्मलो म्हणाले. जिनिंगच्या मोसमात अख्ख्या गावाच्या भुवया पांढऱ्या कशा व्हायच्या, वडील रुईची चिमूट बोटांत ताणून धाग्याची लांबी कशी सांगायचे, सरकीची ढेप खाल्लेल्या म्हशीचं दूध कसं लागतं, असं कितीतरी. बोलता बोलता त्यांनी कागदी रुमालावर दोन्ही इंग्रजी शब्द लिहून दिले: सरकीसकट तो 'सीड कॉटन' आणि निव्वळ रुई ती 'लिंट'.

"अन् शंभर किलोतून जितकी रुई निघते ना, त्याला म्हणायचं उतारा."

"आमच्याकडे उतारा म्हणजे भाषांतराला येतो तो," मी म्हटलं.

"हा वजनाचा उतारा. आमच्या वाणाचा चौतीस. फार झाला तर पस्तीस." चटणी पुढे सरकवत त्यांनी विचारलं, "त्या तुमच्या लोकांचा किती म्हणतात?"

"बेचाळीस," मी म्हटलं.

पटकन म्हटलं. वर्गात बाईंनी विचारावं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने सांगावं तसं. शब्द नुकता शिकले होते, तो वापरून दाखवायचा होता.

बोंडेसाहेबांचा घास क्षणभर थांबला. "बेचाळीस?" ते म्हणाले. "वा." मग डब्यातली शेवटची दशमी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी आपल्या शिष्टमंडळाचं चहापान होतं. दार्बो जाऊन आले आणि खुशीत होते. त्यांच्या बंदरावर मासळी नासते, बर्फाचा कारखाना नाही. त्याबद्दल बोंडे नावाच्या एका भल्या गृहस्थाशी ते तासभर बोलत होते. "तुझ्या गावचे लोक चांगले आहेत," असं त्यांनी मला सांगितलं. मला बरं वाटलं.

गुरुवारी अकराला कलम आलं. मादामनी मागच्या रांगेतून आपल्या देशाची पाटी उभी केली. अध्यक्षांनी दोनदा नजर फिरवली तेव्हा त्यांना ती दिसली. मादाम उठल्या आणि जराही घाई न करता म्हणाल्या की या ओळीत 'कापूस' या शब्दाने कधी कधी घोटाळा होतो, बाजारातल्या रिवाजाप्रमाणे तिथे 'रुई' असं स्पष्ट करावं, बाकी काही नाही. मी काचेमागून म्हटलं, 'लिंट'. खणखणीत म्हटलं. शेजारच्या सहकाऱ्याने अंगठा वर करून दाखवला.

अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते. कुणाची हरकत आहे का म्हणून त्यांनी विचारलं आणि हातोडा उचललाही. मादाम हाताची घडी घालून समोर बघत होत्या. मी त्यांना बूथमधून बघत होते. खरंच, ते होणार होतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेत आपल्या देशाची पाटी उभी राहिली.

बोंडेसाहेब उठले. सभ्य, मोजकं इंग्रजी. आमचा विरोध नाही, ते म्हणाले, उलट घोटाळा टाळायच्या सूचनेचं स्वागतच आहे. फक्त, शेतकरी विकतो काय? तो रुई विकत नाही, तो सरकीसकट कापूस विकतो. हा निधी शेतकऱ्यासाठी असेल तर मोजमापही त्याच्या मालाचं व्हावं. रुई मोजली तर ज्यांचा उतारा बेचाळीस त्यांना आयतं झुकतं माप आणि ज्यांचा चौतीस त्यांच्यावर अन्याय, असं होईल. सोबत त्यांनी एक कागद वाटला. त्यात दोन रकाने होते आणि खाली नऊ आणि साडेदहा हे दोन आकडे.

पुढची रांग जागी झाली. वीस मिनिटांत तीन मोठ्या देशांनी पाठिंबा दिला, सगळ्यांनी शेतकऱ्याचं नाव घेऊन. इंग्रजीत बोलत होते म्हणून मला काम नव्हतं. दुसऱ्या बूथमधला माणूस ते मादामच्या कानात फ्रेंचमध्ये घालत होता. बेचाळीस हा आकडा त्यांच्या कानात पडला ती वेळ मी बघितली. त्यांनी यंत्र काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

हातोडा पडला: 'सरकीसकट'. मग अध्यक्षांनी, वातावरण कडू राहू नये म्हणून, नवं पोटकलम सुचवलं. त्या चार देशांना दर वर्षी मंडळापुढे आपलं म्हणणं मांडण्याची संधी मिळेल आणि ते आस्थेने ऐकून घेतलं जाईल. मताशिवाय. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मादामना आभार मानायला उभं राहावं लागलं आणि त्यांचे आभार मी इंग्रजीत मानले.

जेवणाच्या सुट्टीत बाग टाळून मी मागच्या जिन्याने जात होते, तर तिथेच बोंडेसाहेब भेटले. हातात डबा.

"मी तुम्हाला शब्द विचारला होता," मी म्हटलं.

"अन् मी सांगितला. खोटा सांगितला का?"

ते एक पायरी खाली आले. त्यांच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता, हे सांगायला हवं. दमलेला माणूस होता.

"मनावर घेऊ नका जी. त्यांचं खरं आहे, पण आपलंही घर आहे. आपली खुर्ची जात असताना मी दशमी खात बसलो असतो, तर तुम्हीच मले काय म्हटलं असतं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या धंद्यात असं बाहेर बोललेलं चालत नाही म्हणतात. यादीतून नाव काढतात. काळजी करू नका, माझ्याकडून हे कुठे जाणार नाही."

मला त्यांची चीड यायला हवी होती. आली, पण नंतर. त्या जिन्यावर मला आधी हायसं वाटलं. कायमच्या दुभाष्यांच्या यादीत त्याच वर्षी माझं नाव लागलं होतं, बावीस वर्षांनी. मी थँक्यू म्हटलं. हो, म्हटलं.

पुढचं इथेच सांगून टाकते. तो निधी सहा वर्षांत बंद पडला. ज्या खुर्चीसाठी हे सगळं झालं तिच्यावर आपलं कुणी फार वेळ बसलंच नाही. मादाम सवादोगो पुन्हा कुठल्या परिषदेत मला दिसल्या नाहीत. दार्बोंच्या विरुद्ध मादामच्या सरकारने त्यांच्या सरकारला पत्र पाठवलं. त्यांना घरी बसवलं आणि मत्स्यखात्यातही परत घेतलं नाही, एवढं मला एका ओळखीच्याकडून समजलं. बर्फाच्या कारखान्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. माझं नाव यादीत अजून आहे.

त्या दिवशी साडेचारला मी कोटांच्या खोलीत गेले. न जाऊन चालणार नव्हतं. मी नसले तर ते चौघं बोलू शकत नव्हते. कापसाचे दोन पुंजके इस्त्रीच्या टेबलावर तसेच पडलेले होते. मादाम उभ्या होत्या. दार्बो खुर्चीत, मी त्यांच्या कानाशी, रोजच्यासारखी. आज ते मला आवाज म्हणाले नाहीत, नुसती मान हलवली.

"हा आकडा चौघांना माहीत होता," मादाम म्हणाल्या. "आपल्या चौघांना."

मी पाचवी. मला कुणी मोजलंच नाही. टेलिफोनला कुणी मोजत नाही. मोजलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं, आणि मोजू नये असंही वाटलं. मी ते वाक्य इंग्रजीत केलं.

मग मादाम दार्बोंकडे वळल्या. काल संध्याकाळी तुम्ही भारताच्या चहापानाला गेला होता. आज ज्याने कागद वाटला त्याच माणसाबरोबर तासभर उभे होता. लोकांनी बघितलं आहे. कशाबद्दल बोलत होता?

बर्फाबद्दल, दार्बो म्हणाले. मी म्हटलं, बर्फाबद्दल. बाकीच्या दोघांपैकी एक जण कडवट हसला. बर्फाबद्दल म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार.

"मी सरळ विचारते," मादाम म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत का?"

दार्बोंनी वही मिटली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मादामच्या डोळ्यांत बघून, त्यांच्या नेहमीच्या संथ, भरीव आवाजात म्हणाले, "नाही. मी कुणालाही काहीही सांगितलेलं नाही."

आता ते फ्रेंचमध्ये मला म्हणायचं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलीला यावं इतकं सोपं वाक्य. नियम मला पाठ होता. तो 'मी' म्हणाला की आपण 'मी' म्हणायचं.

"नाही," मी म्हटलं. "मी कुणालाही..."

तिथे मी अडले. पुन्हा सुरुवात केली. "मी कुणालाही काहीही सांगितलेलं नाही." वाक्य पूर्ण झालं, व्याकरण बरोबर होतं, पण आवाज शेवटपर्यंत थरथरत गेला, मला तो धरता आला नाही.

मादाम दार्बोंकडे बघत होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. दार्बो काय बोलले, कसे बोलले, त्यातलं त्यांच्यापर्यंत पोचलं ते मी म्हटलं तेवढंच.

"तुम्ही खोटं बोलता आहात," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज कापतो आहे."

आणि हेही मलाच दार्बोंना सांगायचं होतं. मी वाकले आणि त्यांच्या कानात म्हणाले, "तुम्ही खोटं बोलता आहात. तुमचा आवाज कापतो आहे." या वेळी माझा आवाज अगदी नीट निघाला.

दुभाष्यामार्फत बोलताना माणसांनी एकमेकांकडे बघायचं, दुभाष्याकडे बघायचं नाही, असा शिष्टाचार आहे. दार्बोंनी तो चार दिवसांत एकदाही मोडला नव्हता. आता त्यांनी हळूहळू मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. रागावून नाही. एखादी गोष्ट नीट ऐकू आली नाही तर माणूस बघतो, तसे बघत होते. मग त्यांनी अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं:

"कुणाचा आवाज म्हणताहेत त्या?"

हा प्रश्न मादामसाठी नव्हता. भाषांतर करायचं नव्हतं. एवढ्या वर्षांत, काम चालू असताना, मला मला म्हणून कुणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

"तुमचा," मी म्हटलं.